हक्क सीमेवर, अडवणूक काउंटरवर

डब्लिनच्या ज्या इमारतीत आम्ही राहतो, तिथे दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन मराठी घरं आहेत. एक आमचं, दुसरं चिपळूणच्या एका कुटुंबाचं. दोन्ही घरांत बायकोकडे भारतीय पासपोर्ट आणि नवऱ्याकडे युरोपीय संघातल्या देशाचा पासपोर्ट. माझा नवरा फोंड्याचा. त्याचे वडील १९६१ च्या आधी, गोव्यात पोर्तुगीज अंमल असताना जन्मले, म्हणून त्याला लिस्बनमध्ये नोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता आलं. समोरच्या घरातले दादा इंजिनिअर म्हणून इथे आले आणि वर्षं भरल्यावर आयरिश नागरिक झाले. भारतीय कायद्यात दोन नागरिकत्वं एकत्र ठेवता येत नाहीत, त्यामुळे दोघांनाही आपला निळा पासपोर्ट सोडावा लागला. आम्ही दोघी बायकांनी तो ठेवला. घरातल्या एकाकडे तरी तो असावा, असं आम्हाला वाटतं.

आता समजा, दोन्ही कुटुंबांना पॅरिसला जायचं आहे. मी माझं रेसिडेन्स कार्ड घेते आणि नवऱ्याबरोबर विमानात बसते. शेजारीण मात्र आधी फ्रान्सच्या व्हिसाची अपॉइंटमेंट शोधते, फाइल तयार करते, पासपोर्ट जमा करते आणि वाट पाहते. पुढच्या वर्षी रोमला जायचं म्हटलं की बहुतेक वेळा हेच पुन्हा पहिल्यापासून. ज्या आयरिश माणसानं इथलं नागरिकत्व घेतलं, इथे शपथ घेतली, त्याच्या बायकोला व्हिसा लागतो. पोर्तुगालमध्ये एक दिवसही न राहिलेल्या माझ्या नवऱ्याच्या बायकोला लागत नाही. हे ऐकल्यावर भारतातली माणसं आधी आम्हीच काहीतरी चुकीचं समजलोय असं धरून चालतात. आम्ही चुकीचं समजलेलं नाही. कायदा असाच आहे.

हा कायदा म्हणजे युरोपीय संघाचा २००४/३८ क्रमांकाचा निर्देश. संघातल्या एका देशाचा नागरिक दुसऱ्या देशात गेला, तर त्याला आपल्या कुटुंबाला बरोबर नेता आलं पाहिजे, मग ते कुटुंब कुठल्याही देशाचं नागरिक असो, हा त्याचा गाभा. कुटुंब म्हणजे नवरा-बायको, एकवीस वर्षांखालची किंवा अवलंबून असलेली मुलं, आणि अवलंबून असलेले आई-वडील. निर्देशाच्या प्रास्ताविकात त्यामागचं कारणही दिलं आहे: नागरिकाला आपला संचाराचा हक्क स्वातंत्र्यानं आणि सन्मानानं वापरता यायचा असेल, तर तो कुटुंबीयांनाही मिळाला पाहिजे. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. बायकोला मागे ठेवून नवऱ्यानं एकट्यानं फिरावं, ही कल्पना त्या वाक्यानं मोडीत काढली आहे.

या निर्देशाचं पाचवं कलम सांगतं की अशा कुटुंबीयाकडून फार तर प्रवेशाचा व्हिसा मागता येईल. तोही विनाशुल्क आणि नेहमीपेक्षा जलद द्यायचा. आणि त्याच्याकडे दहाव्या कलमाखालचं रेसिडेन्स कार्ड असेल, तर तेवढाही व्हिसा नको. दहाव्या कलमाखालचं कार्ड मिळतं कुणाला? आपला देश सोडून संघातल्या दुसऱ्या देशात राहणाऱ्या नागरिकाच्या कुटुंबीयाला. माझा पोर्तुगीज नवरा आयर्लंडमध्ये राहतो, म्हणून माझ्या कार्डावर ‘स्टॅम्प ४ ईयूफॅम’ आहे, म्हणजे युरोपीय नागरिकाचे कुटुंबीय म्हणून इथे राहायची परवानगी. शेजारणीचा आयरिश नवरा स्वतःच्याच देशात राहतो, म्हणून तिच्या कार्डावर नुसता ‘स्टॅम्प ४’. दोन्ही कार्डं एकाच सरकारनं दिलेली, एकाच आकाराची.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यावरच उभं आहे. फ्रान्समध्ये नवऱ्याबरोबर शिरण्याचा हक्क आम्हा दोघींचा अगदी सारखा आहे. आयरिश नागरिक फ्रान्सला जातो तेव्हा तोही एका देशातून दुसऱ्या देशातच जातो, म्हणून त्याच्या बायकोलाही तोच निर्देश लागू होतो. तिचा व्हिसा फुकट असतो तो म्हणूनच. इतरांना आता शेंगेनच्या, म्हणजे आपसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या गटाच्या, व्हिसाला ९० युरो मोजावे लागतात. म्हणजे हक्कात फरक नाही. फरक आहे तो हक्काच्या पुराव्यात. एकीच्या हातात पुरावा तयार आहे, दुसरीला तो प्रत्येक सहलीआधी मिळवावा लागतो. आणि माझं मत असं, की जो हक्क दर वेळी नव्यानं सिद्ध करावा लागतो तो अर्धाच हक्क राहतो.

तयार पुरावा असूनही काय होतं, तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही रोमला निघालो होतो. चेक-इन काउंटरवरच्या मुलानं माझा पासपोर्ट पाहिला, पानं उलटली आणि व्हिसा कुठे आहे म्हणून विचारलं. मी कार्ड पुढे केलं. त्यानं कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं आणि भारतीय पासपोर्टला इटलीसाठी व्हिसा लागतो असं सांगितलं. नवऱ्यानं स्वतःचा पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि निर्देशाच्या पाचव्या कलमाची छापील प्रत काढली. वरिष्ठ बाई आल्या. त्या सभ्यपणे बोलल्या, पण त्यांचंही म्हणणं तेच. या सगळ्यात अर्धा तास गेला आणि काउंटर बंद झालं. मुलगी सुटकेसवर बसून होती. आपण काय चुकलो, असं तिनं मला दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी नव्या तिकिटावर तेच कार्ड, तोच पासपोर्ट. वेगळ्या काउंटरवरच्या बाईनं कार्डाकडे एकदा पाहिलं आणि बोर्डिंग पास दिला. रोममध्ये उतरल्यावर सीमा पोलिसानं पासपोर्ट, कार्ड आणि शेजारी उभा नवरा पाहिला, शिक्काही न मारता पासपोर्ट परत केला. एक मिनिटही लागलं नसेल. तिकिटाच्या पैशांसाठी आम्ही कंपनीला लिहिलं, तर योग्य कागदपत्रं बाळगणं ही प्रवाशाची जबाबदारी आहे, असं एका ओळीचं उत्तर आलं.

मला त्या मुलाचा राग आला नाही. त्या मुलाला तसं वागायला लावणाऱ्या व्यवस्थेचा मात्र आजही येतो. २००१ च्या एका निर्देशानुसार, योग्य कागदपत्रं नसलेल्या परदेशी प्रवाशाला आणलं तर विमान कंपनीला दंड होतो. सदस्य देशांनी तो दर प्रवाशामागे किमान ३,००० युरो तरी ठेवायचा, किंवा दंडाची कमाल मर्यादा तरी ५,००० युरोंच्या खाली ठेवायची नाही. उलट ज्याला विमानात घ्यायला हवं होतं त्याला नाकारलं तर? विमान प्रवाशांच्या हक्कांच्या नियमाप्रमाणे डब्लिन ते रोम एवढ्या अंतराला भरपाई ४०० युरो, तीही प्रवासी भांडला तर. बहुतेक भांडत नाहीत. हा हिशोब काउंटरवरच्या माणसाला कुणी शिकवावा लागत नाही. शंका आली की नाही म्हणायचं, हे त्याच्या अंगवळणीच पडतं. त्याच्यासमोरची यंत्रणाही पासपोर्टच्या देशापासून सुरू होते; माझ्यासारखीचा अपवाद खाली कुठेतरी, बारीक यादीत असतो.

ही भीती निराधार नाही, हेच तर दुःख आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये लंडनहून बुडापेस्टला आलेल्या रायनएअरच्या विमानात एक युक्रेनियन बाई होती. तिच्याकडे संघाच्या नागरिकाची कुटुंबीय म्हणून ब्रिटननं दिलेलं कायमस्वरूपी वास्तव्याचं कार्ड होतं. हंगेरीच्या पोलिसांनी ते कार्ड चालत नाही असं ठरवून तिला आत घेतलं नाही आणि कंपनीला ३,००० युरोंचा दंड केला. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयानं जून २०२० मध्ये निकाल दिला: कार्ड चालतं, ते देणारा देश शेंगेनमध्ये नसला तरी चालतं, आणि ते खरं आहे एवढंच कंपनीनं पाहायचं. म्हणजे कंपनीनं नियमाप्रमाणे माणूस आणला, तरी दंड झाला आणि तो चुकीचा होता हे ठरायला जवळजवळ तीन वर्षं गेली. असा अनुभव आल्यावर कुठली कंपनी पुढच्या बाईला सहज विमानात बसवेल?

न्यायालय आपल्या परीनं अशा कुटुंबांची वारंवार बाजू घेत आलं आहे. २००२ च्या एका बेल्जियन प्रकरणात त्यानं असं म्हटलं, की संघाच्या नागरिकाचा जोडीदार व्हिसाशिवाय सीमेवर आला, पण आपली ओळख आणि लग्न सिद्ध करू शकला, तर केवळ व्हिसा नाही म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. त्याच्यापासून धोका असल्याचं कारण हवं. हेच तत्त्व पुढे निर्देशात आलं: परत पाठवण्याआधी आपला हक्क दुसऱ्या मार्गानं सिद्ध करायची संधी त्या माणसाला दिलीच पाहिजे. वाचायला किती छान! पण हा नियम सीमेवरच्या अधिकाऱ्याला बांधतो, आणि माझी शेजारीण त्या अधिकाऱ्यापर्यंत पोचतच नाही. ती डब्लिनलाच थांबवली जाते, ती एका खासगी कंपनीच्या नोकराकडून. त्याला लग्नाचा दाखला तपासायचा अधिकार नाही, शिक्षण नाही आणि वेळही नाही. देशाची सीमा प्रत्यक्षात चेक-इन काउंटरवर आणून ठेवली, पण सीमेवर मिळणारं संरक्षण तिच्याबरोबर आणलंच नाही.

या कायद्याच्या इतिहासात एका भारतीय माणसाचं नाव ठळक आहे, आणि ते आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही याचं मला वाईट वाटतं. सुरिंदर सिंग यांनी १९८२ मध्ये ब्रिटिश बाईशी लग्न केलं. दोघं जर्मनीत जाऊन काम करून १९८५ मध्ये ब्रिटनला परतले. पुढे लग्न मोडायला आलं तेव्हा ब्रिटननं त्यांना देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू केली. जुलै १९९२ मध्ये युरोपीय न्यायालयानं सांगितलं, की दुसऱ्या सदस्य देशात काम करून मायदेशी परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला तिथेही युरोपीय कायद्याचं संरक्षण मिळालं पाहिजे. त्यानंतर स्वतःच्या देशाच्या कडक नियमांनी अडलेली कितीतरी ब्रिटिश माणसं जोडीदाराला घेऊन आधी दुसऱ्या देशात राहायला गेली आणि मग परतली. या वाटेला ‘सुरिंदर सिंग रूट’ असंच नाव पडलं. माणसाला आपल्याच घरात नीट राहता यावं म्हणून आधी परदेशी बिऱ्हाड हलवावं लागलं! माझ्या शेजारणीची अडचण त्याच मुळातून येते. युरोपीय कायदा देश सोडून हललेल्याला हात देतो. जो आपल्या देशात राहिला त्याला म्हणतो, तुझ्या सरकारला विचार.

व्हिसाच्या खिडकीवरची गोष्टही तपासून पाहण्यासारखी आहे. कायद्याप्रमाणे शेजारणीकडून मागायचं काय? तिचा पासपोर्ट, नवऱ्याच्या नागरिकत्वाचा पुरावा, लग्नाचा पुरावा आणि ती नवऱ्याबरोबर जाते आहे किंवा त्याच्याकडे जाते आहे याचा पुरावा. बस. हॉटेलचं बुकिंग नको, बँकेचं स्टेटमेंट नको, साहेबाचं पत्र नको, प्रवास विमाही नको. शेंगेनच्या अर्जात काही रकाने असे असतात की ते संघाच्या नागरिकाच्या कुटुंबीयांनी भरायचेच नसतात. अर्जावर तशी सूचना छापलेली असते. तरीही खिडकीवर हे सगळं मागितलं गेल्याचं मी इथल्या कितीतरी भारतीय घरांतून ऐकलं आहे. आणि सगळे ते देतात. का देतात? कारण तिकिटं काढलेली असतात, मुलांची सुट्टी जवळ आलेली असते, आणि कायदा बोलून दाखवला तर फाइल खाली जाईल ही भीती असते. सरकारी कचेरीत वाद घालणाऱ्याचं काम मागे पडतं, हे आपण लहानपणापासून पाहिलेलं. ते संस्कार डब्लिनमध्येही सुटत नाहीत.

आपल्या बायकांची त्यात आणखी एक अडचण आहे आणि ती युरोपातल्या कुठल्याच अर्जात मावत नाही. लग्नाआधी आमच्या नावात मधे वडिलांचं नाव, लग्नानंतर नवऱ्याचं. आडनाव बदललेलं, आणि जुन्या घरांत पहिलं नावसुद्धा. जन्मदाखल्यावरची मुलगी, लग्नाच्या दाखल्यावरची वधू आणि पासपोर्टवरची बाई या तिघी एकच आहेत, हे पटवण्यासाठी गॅझेट काढा, प्रतिज्ञापत्र करा, त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का, घ्या. माझं एक बरं झालं. गोव्यात पोर्तुगीज काळापासून लग्नाची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारपुढे करावीच लागते, त्यामुळे मंगलाष्टकांआधीच आमच्या सह्या झाल्या होत्या आणि दाखला पक्का आहे. शेजारणीचं लग्न चिपळूणच्या कार्यालयात झालं आणि नोंदणी कितीतरी वर्षांनी, इथे यायचं ठरल्यावर. लग्न आणि नोंदणी यांतल्या त्या अंतराबद्दल तिला प्रश्न विचारले गेले. दोन मुलांच्या आईला आपलं लग्न खरं आहे हे पटवून द्यावं लागलं.

हो, खोटी लग्नं होतात. हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. कागदासाठी केलेली लग्नं आयर्लंडनं पाहिली आहेत. २०१५ मध्ये इथल्या पोलिसांनी ‘ऑपरेशन व्हँटेज’ या नावानं त्याविरुद्ध मोठी मोहीम काढली. त्या लग्नांत गरीब युरोपीय बाया दलालांच्या हाती सापडतात, आणि दुसऱ्या बाजूला आपल्या उपखंडातले तरुण असतात, हेही खरं. पण खोटं लग्न शोधण्याची हत्यारं निर्देशातच दिली आहेत. पस्तिसावं कलम खोट्या लग्नावर मिळालेला हक्क काढून घेऊ देतं, आणि कुणापासून खरा धोका असेल तर सत्ताविसावं कलम त्याला रोखू देतं. त्या तपासासाठी कार्ड देतानाची वेळ योग्य. इथे कार्डाच्या अर्जावर निर्णय द्यायला सरकारला सहा महिन्यांची मुदत असते. सहा महिने तपासून दिलेलं कार्ड काउंटरवरचा मुलगा अर्ध्या मिनिटात संशयित ठरवतो, तेव्हा खोटं लग्न काही पकडलं जात नाही. खरं कुटुंब तेवढं अडतं.

आयर्लंडनं पूर्वी असाही नियम ठेवला होता, की जोडीदार आधी दुसऱ्या सदस्य देशात कायदेशीर राहिलेला असेल तरच कार्ड मिळेल. २००८ मध्ये मेटॉक प्रकरणात न्यायालयानं तो मोडून काढला. सरसकट संशयानं सगळ्यांची वाट बंद करायची नाही, एकेका प्रकरणाचा तपास करायचा, हे तेव्हाच ठरलं आहे. ब्रिटनला तर २०१४ मध्ये पुन्हा सांगावं लागलं. स्पेनमध्ये राहणाऱ्या मॅकार्थी कुटुंबातल्या कोलंबियन पत्नीकडे स्पेनचं कार्ड होतं, तरी ब्रिटन तिच्याकडून दर सहा महिन्यांनी नवा परवाना मागत असे. गैरवापर होतो एवढ्या कारणावरून सगळ्यांकडून परवाना मागता येणार नाही, असं न्यायालयानं त्या वेळी स्पष्ट केलं.

त्याच ब्रिटनमध्ये, स्विंडनला, आमचे कितीतरी गोंयकार नातेवाईक आहेत. नवऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट, बायकोकडे भारतीय. ब्रिटननं दिलेल्या कुटुंबीयाच्या कार्डावर त्या बायका पूर्वी नवऱ्याबरोबर पॅरिसला जाऊ शकत होत्या. ३१ डिसेंबर २०२० ला ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपला आणि ते कार्ड युरोपच्या दारात निरुपयोगी झालं. लग्न तेच, नवऱ्याचा पासपोर्ट तोच, हक्कही तोच; पुरावा तेवढा गेला. आता त्यांनाही व्हिसाच्या रांगेत उभं राहावं लागतं.

माझ्या या हक्काची एक मर्यादा मला मान्य आहे. तो माझा स्वतंत्र हक्क नाही. मी नवऱ्याबरोबर किंवा त्याच्याकडे जात असेन तरच कार्ड व्हिसाची जागा घेतं; ऑफिसच्या कामासाठी एकटीनं बर्लिनला जायचं तर मलाही व्हिसा लागतो. स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या बाईला हे बोचतं आणि बोचायलाच हवं. पण यातूनच दुसरीही एक गोष्ट निघते. काउंटरवर अडवलं मला, मात्र मोडला तो पोर्तुगीज नागरिक म्हणून माझ्या नवऱ्याला असलेला हक्क. युरोपचे राजकारणी जेव्हा या प्रश्नाला परदेशी लोकांचा प्रश्न म्हणतात, तेव्हा ते आपल्याच नागरिकांना विसरतात.

मला तीन गोष्टी हव्या आहेत आणि त्या अवास्तव नाहीत. पहिली, चुकीच्या नकाराची किंमत नकार देणाऱ्यावर पडली पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये न्यायालयानं ब्लू एअर या विमान कंपनीच्या प्रकरणात म्हटलंच आहे, की कागदपत्रं अपुरी आहेत असं कंपनीनं म्हटलं म्हणून प्रवाशाचं संरक्षण आपोआप संपत नाही. कंपनीचं कारण रास्त होतं का, हे वाद झाल्यास न्यायालय तपासेल. पण एवढ्या बळावर कुटुंबानं कोर्टात जायचं का? चुकून माणूस आणला तर जसा दंड, तसाच चुकून माणूस अडवला तर सरकारनं स्वतःहून लावला पाहिजे. दंड दोन्ही बाजूंना सारखा झाला, की काउंटरवरचा मुलगा कार्ड नीट वाचेल.

दुसरी, कार्ड ओळखता आलं पाहिजे. २०१९ च्या नियमानं संघातल्या सगळ्या देशांच्या अशा कार्डांचा साचा आणि त्यावरचा मजकूर एकसारखा ठरवला आहे, ही चांगली सुरुवात आहे. आता काउंटरवरच्या यंत्रणेनं पासपोर्टच्या देशाआधी हे कार्ड आहे का, असं विचारायला हवं.

आणि तिसरी माझ्या शेजारणीसाठी. आयर्लंड शेंगेनच्या बाहेर आहे आणि ब्रिटनबरोबरच्या खुल्या सीमेमुळे लवकर आत येईल असं दिसत नाही. मग आयरिश नागरिकाच्या बायकोला डब्लिनच्या सरकारनंच तपासून दिलेलं कार्ड नवरा बरोबर असताना पॅरिसमध्ये का चालू नये? त्या बाईची सगळी माहिती आयरिश सरकारकडे आहे. पोर्तुगीज नवऱ्याच्या बायकोबद्दल त्याच सरकारनं दिलेल्या शब्दावर फ्रान्स विश्वास ठेवतो, तर आयरिश नवऱ्याच्या बायकोबद्दलच्या शब्दावर ठेवायला काय हरकत आहे? यासाठी निर्देशाचं पाचवं कलम बदलावं लागेल. ते बदलायला हवं.

ऑक्टोबरच्या शेवटी इथल्या शाळांना आठवडाभराची सुट्टी असते. शेजारच्या मुलांना आयफेल टॉवर पाहायचा आहे, म्हणून ताईंनी उन्हाळ्यापासून अपॉइंटमेंट शोधली. रोज रात्री जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडून त्या पानावर बसायच्या. परवा एकदाची तारीख मिळाली: नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली.